क्लच उशिरा सुटतो

तुम्ही क्लचवरून पाय उचललात आणि गाडीने तो उचलल्याची दखलच घेतली नाही, तर दोष कोणाचा, गाडीचा की पायाचा? उत्तर द्यायच्या आधी एवढंच सांगते, पाय बाईचा होता. बदललं का तुमचं उत्तर?

म्हैसुरात आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचं बदललं. गाडीची तक्रार ऐकताना ते माझ्या बहिणीच्या चेहऱ्याकडे बघायचे, चालवणारी हीच आहे हे कळलं की नजर खाली पायाकडे जायची, आणि तिथेच निदान होऊन जायचं.

आई-बाबा महाराष्ट्रातून इथे आले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. बाबांना इथल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. सामानात भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते, हुंड्याविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची, धरणग्रस्तांची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर. पत्रकात पहिल्या ओळीत गुन्हा असतो आणि दुसऱ्या ओळीत गुन्हेगार. त्यामुळे असेल, पण कसलीही भीती वाटली की मी आधी तिच्यामागे कोण आहे ते शोधते. या वेळी कित्येक आठवडे मला कोणी सापडलं नाही. असली भीती मला माहीत नव्हती.

ताई माझ्याहून मोठी. तिने ही गाडी जुनी घेतली, बंगळूरच्या एका शौकीन माणसाकडून. बसकी, दोन दारांची, हाताने गिअर टाकायची, आणि एवढ्याशा अंगात एवढं इंजिन की सिग्नलला शेजारचे स्कूटरवाले आरशातून बघत राहायचे. मला ती पसंत नव्हती. "दोन माणसांसाठी एवढं पेट्रोल जाळायचं, लाज नाही वाटत?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ताई म्हणाली, "तू एक निषेधाचं पत्रक लिही आणि मागच्या सीटवर ठेव. तिथे दुसरं काही मावतच नाही."

ताईचं ऑफिस येलवालच्या पुढे आहे. हुणसूर रस्त्याने जाताना दुभाजकाला एक फट आहे, तिथे उजवीकडे वळावं लागतं. समोरून हुणसूरकडची सगळी वाहतूक सुसाट येते. बसेस, उसाचे ट्रक, दुधाचे टँकर. मधली मोकळी जागा बघायची आणि निघायचं. तिथे निघायचं म्हणजे निघायचंच, अर्ध्यात थांबायची सोय नाही.

आणि नेमकी निघतानाच ती गाडी विचार करू लागली होती.

ताईने मला ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हसत सांगितलं. "दुसऱ्यातून तिसरा टाकला, पाय उचलला, की ही आधी जांभई देते आणि मग निघते." मी शेजारी बसून पाहिलं. पाय वर येई, इंजिनचा आवाज वर चढे, फेऱ्यांचा काटा वर उडे, आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात. मग अचानक कोणीतरी मागून ढकलावं तसा धक्का. मधला तो क्षण एवढासा होता. पण त्या क्षणात गाडी कोणाचीच नसे.

पहिल्या वर्कशॉपमध्ये काचेच्या केबिनमध्ये बसून सांगण्यात आलं की क्लच प्लेट जळली आहे, कारण मॅडम पाय पेडलवर ठेवून चालवतात. प्लेट नवी घातली. जांभई तशीच राहिली. परत गेलो तर म्हणाले, "नव्या प्लेटची सवय व्हायला वेळ लागतो." सवय कोणाला व्हायला, हे मी विचारलं.

त्यानंतर ताई बदलली. आधी तिने बूट बदलले, पातळ तळाचे घेतले. मग ती अनवाणी चालवू लागली. एकदा जेवताना टेबल हलल्यासारखं वाटलं म्हणून मी वाकून पाहिलं, तर टेबलाखाली तिचा डावा पाय हवेत दाबत होता, सोडत होता, दाबत होता, सोडत होता. वर तिचा हात शांतपणे आमटी वाढून घेत होता. त्या दिवसापासून ती ऑफिसला निघाली की मी तिचा "पोचले" असा मेसेज येईपर्यंत एक ओळ लिहू शकत नसे. मेसेजला उशीर झाला की मला ती दुभाजकाची फट दिसे.

दुसरं गॅरेज ओळखीतून कळलं. मालक मराठीच निघाला, पण इथला मराठी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात, देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिंप्याचं दुकान अजून चालू आहे, गळ्यात तुळशीची माळ, आणि तोंडात अर्धी मराठी अर्धी कन्नड. माणूस मोठ्या आवाजाचा, मोठ्या गॅरेजचा, आणि स्वतःवर बेहद्द खूश.

"बोला अक्का, काय म्हणते गाडी?"

ताई म्हणाली, "गिअर बदलताना क्लच उशिरा सुटतो."

"उशिरा सुटतो, अल्वा? अष्टेच, एवढंच ना? रेसकोर्सवरचा घोडा हाय हा, तुम्ही टांग्यागत चालवालाव, म्हणून रुसलाय." त्याने चावी घेतली, अंगणातल्या अंगणात गाडी पुढेमागे केली, पेडलखाली डोकं घालून तिथल्या दांडीचा नट फिरवला आणि हात पुसत बाहेर आला. "झालं. आता बघा कसा लवकर सुटतो."

ताईने बसून पाहिलं. "आता पेडल फारच वर आल्यावर काम करतंय."

"तेच पाहिजे की अक्का! वरच सुटाय पाहिजे."

ताईने मान डोलावली. मीही डोलावली. तिघंही एकच शब्द बोलत होतो आणि तिघांचंही समाधान झालं होतं.

दोन-चार दिवस गाडी बरी वाटली, किंवा आम्ही तसं ठरवलं. मग एका सकाळी मला येलवालच्या बाजूला काम होतं म्हणून मी ताईबरोबर निघाले. शहरातून बाहेर पडायला वेळ लागला, थांबत, रांगत, सिग्नलमागून सिग्नल. ऊन तापलं होतं. मला एक जळका वास आला. मी म्हटलं ट्रकचा असेल.

फटीपाशी आम्ही थांबलो. समोरून एक टँकर गेला, एक जीप गेली, मग मोकळी जागा दिसली. लांबवर एक लाल बस होती, पुरेशी लांब. ताईने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

इंजिन किंचाळलं. गाडी रांगत फटीतून बाहेर आली, रस्त्यावर आडवी झाली, आणि तिचा जीवच गेला. म्हणजे इंजिन चालू होतं, काटा वर चढत होता, आवाज एवढा की कानात दडे बसले, पण चाकांपर्यंत काही पोचत नव्हतं. बस माझ्या दाराच्या बाजूने येत होती. ती पुरेशी लांब होती ती आता नव्हती. मला तिच्या काचेवरचा वाळलेला झेंडूचा हार दिसला. हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. मला ओरडायचं होतं, पण तोंडातून आवाजच निघेना. पत्रकं वाचून वाढलेली मी, मला एक शब्द सापडला नाही.

ताईने काय केलं असेल? तिने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. त्या क्षणी कोणीही दाबला असता, तिने काढला. इंजिन खाली आलं, आत कुठेतरी काहीतरी धरलं गेलं, गाडीने उसळी मारली आणि आम्ही पलीकडच्या मातीत जाऊन उभ्या राहिलो. बस मागून गेली. तिच्या वाऱ्याने गाडी हलली.

बॉनेटखालून धुरकट वास येत होता. ताईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ती बसबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "माझा पाय पूर्ण वर होता ना? तू बघितलंस ना?"

मी बस बघत होते. मी तेच सांगितलं. तिने डोळे मिटले.

मी खरी घाबरले ती तेव्हा. बस निघून गेली होती. पण माझी बहीण, जिने एवढ्यात आम्हा दोघींना वाचवलं होतं, तिला आपलाच पाय आपण उचलला की नाही याची खात्री उरली नव्हती. असं माणूस दुसऱ्या दिवशी परत त्या फटीत जाणार होतं.

घरी बाबा म्हणाले, "विकून टाक. आजच्या आज."

"कोणाला विकू बाबा? जो घेईल तो पण कुठेतरी उजवीकडे वळेलच ना?"

असली वाक्यं बाबांनीच आम्हाला शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी सकाळच्या गारव्यात, रिकाम्या रस्त्यांनी, हळूहळू गॅरेजपर्यंत नेली. मालक चहा पीत होता. "परत काय झालं अक्का? पाय बरा हाय ना?"

मी भडकले. पाय, पाय, पाय! तिच्या जागी तिचा भाऊ असता तर तुम्ही पाय विचारला असता का, आधी गाडी उघडली असती, तुम्ही सगळे मिळून तिला वेड लावाल आणि मग वेडीच होती म्हणाल, असं काय काय मी उभ्या उभ्या बोलले. रस्त्यावरचे दोघं थांबून ऐकू लागले.

त्याने पेला खाली ठेवला. "तंगी," कन्नडात धाकट्या बहिणीला म्हणतात तसं तो म्हणाला, "तुम्ही कुठं भाषणं देता काय?"

"देते," ताई म्हणाली. "पण आता ती गप्प बसेल, आणि तुम्ही गाडीत बसाल. तिकडे. शेजारच्या सीटवर."

"मी? हिकडं?" त्याला खरंच कळेना. दुरुस्तीला आलेली गाडी तो नेहमी स्वतः चालवून बघायचा. गाडीवाल्याच्या शेजारी बसायचं हे त्याच्या कामात कधी बसलंच नव्हतं.

मी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसले. गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर ताईने गाडी घेतली. दुसरा गिअर. तिसरा टाकताना ती मोठ्याने म्हणाली, "पाय वर." काटा उडाला. गाडी तरंगली. मालकाचा हात वरच्या हँडलकडे गेला. मग धक्का.

"परत," ताई म्हणाली. "पाय वर." परत तेच.

"अय्यो," तो म्हणाला, आणि त्याचा मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हा तर धरत नाही. तुम्ही सुटत नाही म्हणालाव."

"तेच म्हणतेय. सुटत नाही लवकर."

"सुटत नाही कुठं? सुटतो की. धरत नाही!"

ताईने गाडी कडेला घेतली. त्याने आपले दोन तळवे एकमेकांवर दाबून धरले. "हे बघा. हे इंजिन, हे गिअरबॉक्स. पेडल दाबलं," तळवे लांब झाले, "सुटलं. बिट्टितु. पेडलवरनं पाय काढला," तळवे परत जुळले, "धरलं. तुम्ही म्हणालाव उशिरा सुटतो. म्हणून मी दांडी लांब केली, लवकर सुटाय पाहिजे म्हणून. आता तो सुटूनच बसलाय. तापला की पुरा धरतच नाही."

ताई त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने आपला डावा पाय उचलून दाखवला. "आणि आम्ही क्लच सोडतो तो इथून."

आमच्याकडे गाडी शिकवणारा प्रत्येक जण तेच सांगतो: क्लच हळू सोड, म्हणजे गाडी निघेल. आमचं सुटणं तळपायाखालचं होतं आणि त्याचं सुटणं दोन प्लेटांमधलं. आमच्यात सुटला की गाडी चालते, त्याच्यात सुटला की गाडी थांबते. मराठी माणूस सापडला म्हणून आम्ही निर्धास्त झालो होतो. कन्नड बोलणाऱ्याकडे गेलो असतो तर कदाचित हातवारे केले असते आणि वाचलो असतो.

त्याने दांडी पूर्वीसारखी केली. पेडलला वरती जी थोडी मोकळी चाल असावी लागते ती परत आली. ती चाल नसेल तर क्लच दाबणाऱ्या तेलाला टाकीत परत जायची वाट बंद होते आणि पाय काढला तरी क्लच दाबलेलाच राहतो, हे त्याने समजावलं. पण मूळची जांभई तशीच होती. म्हणजे आम्ही फक्त त्याची चूक काढून टाकली होती. दुखणं अजून आतच होतं आणि दुभाजकाची फट तिथेच होती.

मग त्याने बॉनेट उघडलं. या गाडीत पेडल क्लचला थेट ओढत नाही. पेडलपाशी एक छोटा सिलिंडर, खाली गिअरबॉक्सवर दुसरा, मध्ये तेलाने भरलेली नळी. पाय दाबला की तेल खालची दांडी पुढे ढकलतं, पाय काढला की दांडीने मागे यायचं. ताई सीटवर बसली, मी फोनचा उजेड धरून त्या दांडीवर डोळे रोखले.

"पाय वर!" ताई आतून ओरडली.

दांडी हलली नाही. मग निघाली, सावकाश, झोपेतून उठवल्यासारखी, आणि कशीबशी जागेवर आली.

"तुझा पाय वर आहे!" मी ओरडले. "तुझा पाय वर आहे आणि ही अजून मागे आलेली नाही! मी बघितलं!"

मी वाकून पाहिलं तर ताईने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं होतं.

पुढचं काम त्याने घाई न करता केलं. ताईला पेडल दाबून धरायला सांगितलं, नळी खालच्या सिलिंडरला मिळते तिथला जोड सैल केला. तेल ठिबकलं, दांडी तरी हळूच आली. "वरचा दोष नव्हे." जोड घट्ट करून, हवा काढून, परत पेडल दाबायला सांगितलं आणि या वेळी खालच्या सिलिंडरवरचा छोटा स्क्रू सैल केला. काळं, दाट तेल उडालं आणि दांडी टक्‌कन मागे आली. "ह्या दोघांच्या मध्ये कुठंतरी अडलंय. बोटभर जागा हाय." त्या बोटभर जागेत त्याला पितळेचा एक तुकडा मिळाला, नळीच्या तोंडाशी बसवलेला, मधोमध भोक. भोक गाळाने जवळजवळ बुजलं होतं.

"सुईच्या नेढ्याएवढं हाय," तो म्हणाला. शिंप्याच्या घरचा शब्द.

"हा कचरा कुठून आला?"

"गाळ तेलाचा. कोणी बदललंच नसेल. पण हा तुकडा कचरा नव्हे, कंपनीनंच घातलाय. कोणी गपकन पाय काढला तरी क्लच हळूच धरावा म्हणून."

मला परत भडकायला एवढं पुरलं. म्हणजे गाडी बनवतानाच कोणीतरी ठरवलं होतं की पायावर विश्वास ठेवायचा नाही!

"सगळ्यांचे पाय सारखे नसतात तंगी," तो म्हणाला. "नवशिक्याला बरं असतंय ते." मग ताईकडे वळला. "साफ करून, नवं तेल घालून परत बसवू? का काढूनच टाकू? काढला तर पाय उचलाल तसं धरेल. चुकलाव तर हिसका बसेल. मग मला बोलायचं नाही."

मला वाटलं ती म्हणेल बसवा. मीच मनात म्हणत होते, बसव, बसव, थोडं हळू धरलेलं काय वाईट.

"काढा," ताई म्हणाली. "मग चुकला तर माझा पाय चुकला. निदान ते कळेल तरी."

त्या दुपारी आम्ही येलवालला गेलो. मी नको म्हणत होते. फटीपाशी ताईने एक मोकळी जागा जाऊ दिली, मग दुसरी, मग तिसरी. मागचा ट्रक हॉर्न देऊ लागला. समोर लांबवर परत काहीतरी लाल दिसत होतं. माझे पाय फरशीत रुतले होते, जणू तिथेही पेडलं आहेत. तिने पाय उचलला. गाडीने तत्काळ धरलं, इतकं तत्काळ की आमच्या दोघींच्या माना मागे आपटल्या, आणि आम्ही पलीकडे होतो.

आम्ही हसलो नाही. "हिसका माझा होता," ताई म्हणाली. पुढच्या वळणावर तिने पाय जरा हळू उचलला आणि गाडी अलगद निघाली. अजूनही ती ऑफिसला निघाली की मी मेसेजची वाट बघते.

तुमच्या घरात बायको असेल, मुलगी असेल, सून असेल, म्हातारे वडील असतील, आणि त्यांच्यापैकी कोणी म्हणत असेल की गाडी ऐकत नाही, तर त्यांना पाय नीट टाक असं सांगू नका. गाडी त्यांच्या हातून काढून घेऊन स्वतः एक चक्कर मारूनही येऊ नका. रिकामा रस्ता शोधा, शेजारच्या सीटवर बसा, आणि म्हणा, "काय होतं ते चालवून दाखव." दाखवून होईपर्यंत मध्ये बोलू नका. आजच बसा, उद्या त्यांना कुठेतरी उजवीकडे वळायचं असेल.